नियंत्रकाची रचना : दोन शास्त्रे, एक प्रश्न

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजचा विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटण्याचा संभव आहे. नियंत्रण अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र ही दोन शास्त्रे गेली अनेक दशके एकाच प्रश्नाचा पाठपुरावा आपापल्या वाटेने करीत आली आहेत. एखादी यंत्रणा कशी वागते हे ठाऊक असेल आणि तिने कसे वागावे हेही निश्चित असेल, तर तिला वळण लावणारा नियंत्रक माणसाने अंदाजाने न रचता गणिताच्या आधारे आपोआप रचता येईल काय? आणि तो कधीही चुकणार नाही अशी हमी देता येईल काय? हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, त्याचा संबंध केवळ प्रयोगशाळेशी नाही. ज्यांना नियम करावे लागतात, योजना आखाव्या लागतात आणि त्यांची जबाबदारी घ्यावी लागते, त्या सर्वांशी तो आहे.

वाफेच्या यंत्रापासून

नियंत्रण अभियांत्रिकीची सुरुवात सामान्यतः जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्रापासून सांगितली जाते. १७८८ च्या सुमारास त्याने आपल्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. यंत्राचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटू लागे. वेग कमी झाला की गोळे खाली येत आणि झडप उघडे. परिणाम पाहून कृती सुधारावयाची, या तत्त्वाला इंग्रजीत फीडबॅक म्हणतात. आपण त्याला प्रत्याभरण म्हणू. कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रात टर्बाइनचा वेग स्थिर ठेवणारा गव्हर्नर याच कुळातला आहे.

परंतु हे गव्हर्नर कधीकधी विचित्र वागत. वेग स्थिर होण्याऐवजी तो वरखाली हेलकावू लागे. असे का होते याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले. दुरुस्ती फार जोरात किंवा फार उशिरा झाली, तर ती दुरुस्तीच नव्या बिघाडाचे कारण होते, हे त्यातून स्पष्ट झाले. कालव्याच्या मुखाशी दार उघडल्यावर पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोहोचण्यास तास लागतात. तोवर धीर न धरता दार आणखी उघडले, तर शेवटी पूर येतो. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

पुढे १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूचा अभ्यास केला. कुशल सुकाणूवाला केवळ आजची चूक पाहत नाही. आतापर्यंत साचलेली चूक आणि चूक कोणत्या गतीने वाढत आहे, या दोन्हींचाही तो विचार करतो. हे त्रिसूत्र आज जगभरच्या कारखान्यांत वापरले जाते. १९६० च्या आसपास रुडॉल्फ कालमन, रिचर्ड बेलमन, लेव्ह पोंत्र्यागिन प्रभृतींनी या शास्त्राला भक्कम गणिती बैठक दिली. विकलक समीकरणे मांडावयाची, ‘चूक कमीत कमी असावी’ यासारखे उद्दिष्ट लिहावयाचे आणि त्यावरून नियंत्रक गणिताने काढावयाचा, ही रीत तेव्हापासून रूढ झाली.

दुसरी वाट : तर्कशास्त्राची

याच काळात अगदी वेगळ्या अंगणात हाच प्रश्न उपस्थित झाला. १९५७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल येथे भरलेल्या तर्कशास्त्राच्या सभेत अलोन्झो चर्च यांनी विचारले : एखाद्या मंडलाकडून काय अपेक्षित आहे हे तर्काच्या भाषेत लिहून दिले, तर ते मंडल आपोआप रचता येईल काय? १९६९ मध्ये रिचर्ड ब्यूखी आणि लॉरेन्स लँडवेबर यांनी याचे होकारार्थी उत्तर दिले. मायकेल राबिन यांनीही स्वतंत्र मार्गाने ते सिद्ध केले.

या उत्तरातील मध्यवर्ती कल्पना खेळाची आहे. एका बाजूला नियंत्रक, दुसऱ्या बाजूला परिस्थिती. दोघे आळीपाळीने चाल करतात. परिस्थितीने कोणतीही चाल केली तरी जिंकणारी युक्ती नियंत्रकापाशी असेल, तर ती युक्ती म्हणजेच आपल्याला हवा असलेला कार्यक्रम होय.

१९७७ मध्ये आमिर प्नुएली यांनी ‘नेहमी’, ‘कधी तरी’, ‘तोपर्यंत’ अशा काळवाचक शब्दांचे तर्कशास्त्र संगणकाच्या कार्यक्रमांसाठी वापरले, आणि अपेक्षा लिहिण्याची सोयीस्कर भाषा उपलब्ध झाली. या कामाचा गौरव पुढे १९९६ च्या ट्युरिंग पुरस्काराने झाला.

एक गावची पाणीयोजना

तत्त्वाचे बोलणे पुरे. एक उदाहरण हिशेबासह पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

एका गावी विहीर आहे, तीवर विद्युतपंप आहे आणि ५०,००० लिटरची उंच टाकी आहे. पंप ताशी १२,५०० लिटर पाणी चढवितो. रोज सकाळी गावाला ४०,००० लिटर पाणी सोडावयाचे आहे. विहिरीला पाणी पुरेसे आहे असे धरू. पंप चालू-बंद करणे आणि व्हॉल्व्ह उघडणे-मिटणे आपल्या हाती आहे. वीज केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. म्हणजे वीज ही आपल्या खेळातील प्रतिपक्षाची चाल झाली.

आता अपेक्षा लिहू. टाकी ओसंडू नये, आणि रोज सकाळी टाकीत निदान ४०,००० लिटर पाणी असावे. कोणतेही गृहीत न धरता या दोन्ही पुऱ्या करणारा नियंत्रक आहे काय? नाही, कारण वीज आलीच नाही तर कोणतीही युक्ती चालणार नाही. म्हणून एक गृहीत लिहावे लागते : एका सकाळचे पाणी सोडून झाल्यानंतर दुसऱ्या सकाळच्या आत निदान तीन तास वीज मिळेल.

तीन तासांत ३७,५०० लिटर चढतात. पहिल्या सकाळी टाकी भरलेली आहे. ४०,००० सोडले, १०,००० उरले, त्यात ३७,५०० पडले. दुसऱ्या सकाळी ४७,५०० लिटर. तिसऱ्या सकाळी ४५,०००, चौथ्या सकाळी ४२,५००, पाचव्या सकाळी नेमके ४०,०००. गाव समाधानी आहे. सहाव्या सकाळी टाकीत ३७,५०० लिटर असतात आणि अपेक्षा मोडते. पाच दिवसांची चाचणी घेऊन ज्याने योजना यशस्वी म्हणून शेरा मारला असता, तो सहाव्या दिवशी अडचणीत आला असता.

संगणकशास्त्रज्ञ हा हिशेब उलट दिशेने करतो. ज्या अवस्था उघड उघड वाईट आहेत, त्यांवर तो आधी फुली मारतो. सकाळी ४०,००० पेक्षा कमी पाणी असणे ही वाईट अवस्था. ४०,००० लिटरच्या सकाळनंतर प्रतिपक्ष आपल्याला ३७,५०० वर नेऊ शकतो, म्हणून तिच्यावरही फुली. मग ४२,५०० वर, मग ४५,००० वर, असे मागे मागे जाता पूर्ण भरलेल्या टाकीवरही फुली पडते. सुरुवातीच्याच अवस्थेवर फुली पडली, याचा अर्थ या अपेक्षेला आणि या गृहीताला पुरा पडणारा नियंत्रक जगात नाही. कितीही हुशार अभियंता आणा, तो मिळणार नाही.

आता गृहीत बदलू. तीनऐवजी चार तास वीज धरली, तर ५०,००० लिटर चढू शकतात. ४०,००० लिटरच्या सकाळनंतर टाकी रिकामी झाली तरी ती पुन्हा भरते. फुल्या पुढे पसरत नाहीत. ज्या अवस्थांवर फुली नाही, त्यांतून नियम सरळ वाचता येतो : वीज असेल आणि टाकी भरलेली नसेल, तेव्हा पंप चालू ठेवा. नियंत्रक आपोआप रचला गेला, आणि तो सहाव्या काय, सहाशेव्या दिवशीही चुकणार नाही, याची सिद्धताही त्याच हिशेबात मिळाली. अर्थात गृहीत खरे असेपर्यंत.

केवळ तर्काने भागत नाही

मात्र हा नियंत्रक जसाच्या तसा पंपाला जोडला, तर काय होईल? टाकीतील पाण्याला लाटा असतात. पातळी मोजणारे साधन क्षणात ‘भरली’ म्हणेल, क्षणात ‘भरली नाही’ म्हणेल. पंप सारखा चालू-बंद होईल आणि मोटार जळेल. तर्कशास्त्राने अवस्थांचे ठोकळे केले. निसर्गात ठोकळे नाहीत, सलगता आहे.

येथे नियंत्रण अभियंत्याचे शहाणपण कामी येते. तो एकच खूण न ठेवता दोन खुणा ठेवतो. ४८,००० लिटरला पंप बंद करावयाचा, आणि पाणी ४५,००० च्या खाली गेल्याखेरीज तो पुन्हा सुरू करावयाचा नाही. ओसंडण्याचा धोका टळतो, सकाळच्या ४०,००० लिटरनाही बाध येत नाही. मोजमापात थोडी चूक झाली तर परिणामातही थोडीच चूक व्हावी, हा त्या शास्त्राचा जुना आग्रह आहे. संगणकाच्या कार्यक्रमात मात्र एक अक्षर बदलले तरी सारे कोसळू शकते. म्हणून ही दोन शास्त्रे एकमेकांना पूरक आहेत.

ती एकमेकांपासून दूर राहिली तर काय होते, याचे उदाहरण ४ जून १९९६ रोजी जगाने पाहिले. युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशादर्शक यंत्रणेतील कार्यक्रमाचा एक भाग आधीच्या एरियान-४ वरून घेतलेला होता. आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या १६ अंकस्थानांच्या द्विमान पूर्णांकात बसविण्याचा प्रयत्न झाला. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या बाणाचा वेग त्या मर्यादेत राहत असे. नव्याचा राहिला नाही. ज्या गृहीतावर तो कार्यक्रम बरोबर होता, ते गृहीत नव्या बाणासाठी कोणी तपासले नाही.

दोन नावे, एकच विचार

दोन्ही शास्त्रे शेजारी ठेवली की एक गंमत ध्यानात येते. त्यांच्या मुख्य कल्पना जुळ्या भावंडांसारख्या आहेत.

१८९२ मध्ये अलेक्सांद्र ल्यापुनॉव्ह यांनी स्थैर्य सिद्ध करण्याची एक रीत दिली. यंत्रणेशी निगडित अशी एखादी राशी शोधा, जी सतत घटत जाते आणि इष्ट स्थितीतच किमान होते. तशी राशी सापडली, तर यंत्रणा त्या स्थितीकडे जाणारच. १९४९ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी संगणकाचा कार्यक्रम कधी तरी थांबतो हे सिद्ध करण्यासाठी हेच केले : प्रत्येक पायरीला घटणारी राशी दाखविली. एकाने विकलक समीकरणे पाहिली, दुसऱ्याने आज्ञांची यादी पाहिली, युक्तिवाद एकच.

आपण मघाशी जे उलट दिशेने फुल्या मारण्याचे काम केले, तेही बेलमन यांच्या पद्धतीचे सख्खे भावंड आहे. शेवटापासून मागे येत प्रत्येक टप्प्यावर सर्वोत्तम निर्णय ठरवावयाचा, असे त्यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते.

हा दुवा ओळखून पहिला मोठा पूल नियंत्रण अभियंत्यांनीच बांधला. टोरांटो येथील पीटर रॅमेज आणि मरे वॉनहॅम यांनी १९८० च्या दशकात पर्यवेक्षी नियंत्रणाचा सिद्धान्त मांडला. त्यांचा पर्यवेक्षक यंत्राला ‘हे कर’ असे सांगत नाही; ‘हे मात्र करू नकोस’ एवढेच सांगतो. तोही फक्त ज्या घटना रोखता येण्याजोग्या आहेत त्याच रोखतो, आणि गरजेपेक्षा एकही जास्त रोखत नाही.

ही कल्पना आपल्याला अगदीच अपरिचित नाही. पूर्वी रेल्वे स्थानकाच्या केबिनमध्ये सिग्नलच्या खटक्यांची रांग असे. ते खटके आतून एकमेकांशी असे अडकविलेले असत, की एका मार्गाचा सिग्नल खाली पडला असता त्याला छेदणाऱ्या मार्गाचा खटका ओढताच येत नसे. कोणती गाडी आधी सोडावयाची हे माणूस ठरवी. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत हे लोखंड ठरवी. जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये अशा यंत्रणेचे पेटंट घेतले होते. माणसाचे स्वातंत्र्य शक्य तितके राखून केवळ धोका रोखणे, हे चांगल्या नियमाचेही लक्षण मानावयास हरकत नाही.

दुसऱ्या बाजूनेही पूल बांधला गेला. पुण्यात जन्मलेले राजीव अलूर यांनी डेव्हिड डिल यांच्यासमवेत १९९० च्या दशकाच्या आरंभी अवस्थायंत्रांना घड्याळे जोडली. ‘नंतर’ एवढेच न म्हणता ‘पाच सेकंदांच्या आत’ असे म्हणता येऊ लागले. पुढे सलग बदलणाऱ्या राशी आणि तुटक बदलणाऱ्या अवस्था एकाच चौकटीत मांडणारी संकरित यंत्रणांची शाखा उभी राहिली. तिच्या उभारणीतही अलूर यांचा मोठा वाटा आहे. २०२४ चा क्नूथ पुरस्कार त्यांना देण्यात आला.

त्यानंतर प्रश्न आला तो रूपांतराचा. सलग जगाचे ठोकळे करताना किती चूक होते? आंत्वान झिरार आणि जॉर्ज पापास यांनी २००७ मध्ये या चुकीला मोजमाप दिले. ठोकळ्यांच्या प्रतिकृतीचे वर्तन मूळ यंत्रणेपासून ठरावीक अंतराच्या आत राहते हे सिद्ध करता आले, तर प्रतिकृतीवर खेळ जिंकावा आणि ती युक्ती मूळ यंत्रणेला लावावी. पाउलो ताबुआदा यांच्या २००९ च्या ग्रंथात ही पद्धत सविस्तर आली आहे.

मर्यादा

या पद्धतीला सर्वशक्तिमान समजणे मात्र योग्य होणार नाही. चालू-बंद होणारी १० साधने असतील, तर त्यांच्या १,०२४ अवस्था होतात. २० असतील, तर १०,४८,५७६. एका सलग राशीचे १०० भाग केले, तर तीन राशींचे १० लाख ठोकळे होतात आणि सहा राशींचे एक लाख कोटी. अपेक्षापत्र लांबत गेले तर वाढ आणखी भयंकर असते. १९८९ मध्ये प्नुएली आणि रोनी रोस्नर यांनी दाखविले की सर्वसाधारण कालतर्कातील अपेक्षांसाठी हे काम दुहेरी घातांकाने वाढते. म्हणजे २ चा घात, आणि त्या घातात पुन्हा २ चा घात. लांबी ३ असेल तर २५६, ४ असेल तर ६५,५३६, आणि ५ असेल तर ४२९ कोटींहून अधिक.

यातून मार्ग निघाला तो थोडे मागणे कमी करून. नीर पिटरमन, प्नुएली आणि यानीव सार यांनी २००६ मध्ये अपेक्षांचा एक मर्यादित पण उपयुक्त प्रकार निवडला. ‘परिस्थितीने ही ही गृहीते वारंवार पाळली, तर यंत्रणा ही ही कामे वारंवार करील’, असे त्याचे स्वरूप आहे. अशा अपेक्षांसाठी नियंत्रक पुष्कळच लवकर काढता येतो. यंत्रमानवांच्या हालचालींसाठी या प्रकाराचा उपयोग झालेला आहे.

व्यवहारात आज अनेक ठिकाणी नियंत्रक माणूसच रचतो आणि सिद्धता संगणकाच्या साह्याने केली जाते. पॅरिसच्या भुयारी रेल्वेची चालकविरहित १४ क्रमांकाची मार्गिका ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्या सुरक्षेचा कार्यक्रम अपेक्षेपासून पायरी-पायरीने, प्रत्येक पायरीची सिद्धता देत तयार करण्यात आला होता.

आपली जबाबदारी

नियंत्रक यंत्र रचील. पण काय हवे आणि काय गृहीत धरावे, हे यंत्र ठरवू शकत नाही. पाणीयोजनेच्या उदाहरणात सर्वांत महत्त्वाची ओळ कोणती होती? पंप केव्हा चालवावा ही नव्हे. ‘निदान चार तास वीज मिळेल’ ही ती ओळ होय. ती लिहिली नसती, तर योजना कागदावर उत्तम दिसली असती आणि सहाव्या दिवशी दोष पंपचालकावर गेला असता. ती लिहिली, म्हणजे प्रश्न योग्य ठिकाणी गेला : चार तासांची हमी कोण देणार? ती मिळत नसेल, तर पंप मोठा घ्यावा, की पुरवठा ३७,५०० लिटरवर आणावा? हा निर्णय अभियंत्याचा नाही. तो ग्रामसभेचा आहे.

‘हे होणे शक्य नाही’ असे उत्तर आले की आपण निराश होतो. या शास्त्रात ते उत्तर मोलाचे मानले जाते, कारण ते खर्च होण्यापूर्वी मिळते, आणि कोणत्या गृहीतामुळे अडले हेही दाखविते. अपेक्षा आणि गृहीत यांची अशी वेगवेगळी, लेखी मांडणी करण्यास संगणकाची गरज नाही. शाळेच्या पोषण आहाराचे नियोजन असो, पाणीवाटपाचा ठराव असो वा एखाद्या शासकीय योजनेचे परिपत्रक असो, तीन रकाने आखून पाहावेत : आपल्याला काय हवे, आपल्या हाती काय आहे, आणि आपल्या हाती नसलेल्या गोष्टींविषयी आपण काय धरून चाललो आहोत. तिसरा रकाना बहुधा कोराच राहतो, आणि योजना बहुधा तेथेच अडतात.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती आहे. टाकीचा हा हिशेब सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल. तो फळ्यावर मांडावा, आणि मुलांना फुल्या मारत मागे जाऊ द्यावे. बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित त्यात नाही. मात्र हमी म्हणजे काय आणि नुसती चाचणी म्हणजे काय, यांतील भेद त्यांना लवकर कळेल.